उजव्या विंगेतला उजेड

सोमवार, ४

आजपासून लिहायचं ठरवलं आहे, कारण बोलायला माणूस उरलेला नाही. बायकोशी बोललो तर ती ताईची बाजू घेते, आणि ताईशी बोललो तर ताई घड्याळ बघते.

आमच्या संस्थेचं नाटक पुन्हा उभं राहतंय. दिग्दर्शन ताईचं, म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं. बापाची भूमिका मी इतकी वर्षं केली, तिच्यासाठी मिशी वाढवली, बायकोला आवडत नसूनही ठेवली. आता ती भूमिका करणार ताईचा मुलगा. माझा भाचा. वय तीस. केसांना पांढरी पावडर फासून म्हातारा होणार. आणि ज्याला पावडरीची गरज नाही तो मी विंगेत बसून लॅपटॉपवरून आवाज सोडणार. दाराची बेल, फोन, भुंकणारं कुत्रं.

कारण काय, तर मी "भर घालतो". तिसऱ्या अंकात घरातले दिवे जातात. मुलगा घर सोडून गेलेला असतो आणि बाप मिट्ट काळोखात एकटाच बोलतो. प्रेक्षकांना काही दिसत नाही, नुसता आवाज. नाटककाराने तिथे जेमतेम पानभर मजकूर लिहिला होता. त्याचं सोनं मी केलं. ताई म्हणते, तुझ्या त्या सोन्यापायी लोक खोकायला लागले होते. ती खुर्चीत बसून ऐकत होती, मी रंगमंचावरून ऐकत होतो. ते हुंदके होते.

असो. लॅपटॉप संस्थेचा, जुना. त्यातली आधीची सिस्टीम भर तालमीत स्वतःची सुधारणा करत बसायची, आणि पाहुणा आत येऊन, बसून, चहा पिऊन झाला की मग दाराची बेल वाजायची. म्हणून काल त्यावर लिनक्स चढवलं. एकट्याने, वाचून वाचून. कुणी शाबासकी दिली नाही. सगळं झकास चालतंय, फक्त स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करायची दोन बटणं चालत नाहीत, ती सूर्याचं चित्र असलेली. दाबली की स्क्रीनवर एक पट्टी उगवते, पट्टी खालीही सरकते, उजेड मात्र जसाच्या तसा, भगभगीत. माझं काय जातंय? मला काय त्यावर कादंबरी वाचायची आहे?

बुधवार, ६

सभागृहात पहिली तालीम. माझं टेबल उजव्या विंगेत, कारण ध्वनीची वायर तिथवरच पोचते. रंगमंच दिसला पाहिजे म्हणून मी रंगमंचाकडे तोंड करून बसतो आणि लॅपटॉप माझ्या तोंडासमोर.

तिसरा अंक आला. दिवे गेले. भाच्याने पहिलं वाक्य घेतलं, "दिवे गेले ते बरं झालं." तेवढ्यात खालून ताई कडाडली.

"थांबा! ते काय आहे तिकडे?"

"कुठे काय?"

"अरे, तू! तू दिसतोयस. या डावीकडच्या सगळ्या खुर्च्यांवरून तुझं मुंडकं दिसतंय. नुसतं मुंडकं, हवेत लटकलेलं."

सगळे फिदीफिदी हसले. वरून प्रकाशवाल्याने भुताचा आवाज काढला. त्याला मी नाटकात आणलं होतं, हे तो विसरला.

"उजेड कमी कर," ताई म्हणाली.

"होत नाही. बटण चालत नाही."

"मग चालव. ते नवीन काहीतरी तूच घातलंस ना त्यात?"

सगळ्यांच्या देखत. पावडरवाल्या म्हाताऱ्याच्या देखत. तो मधे पडला, म्हणाला, "राहू दे गं आई, मला नाही त्रास होत." वकिली नको होती मला त्याची.

गुरुवार, ७

सकाळपासून त्या बटणांच्या मागे लागलोय. एका ठिकाणी वाचून कमांड दिली. स्क्रीन काळवंडली. वाटलं, जिंकलो. पडदे ओढून आरशात पाहिलं तर तोंड तसंच उजळलेलं. नुसतं चित्र काळं झालं होतं, चित्रामागचा दिवा तसाच जळत होता. दुसरी कमांड दिली तर "परवानगी नाही". माझ्याच हाताने चढवलेली सिस्टीम, माझाच पासवर्ड, आणि मलाच परवानगी नाही! मालकाच्या अधिकाराने पुन्हा दिली. मग मुकाट्याने आकडा घेतला, उजेड मात्र केला नाही कमी. अगदी ताईसारखं. "हो, ऐकलं मी," आणि करायचं ते आपलंच.

शेवटी इंटरनेटवर लिनक्सवाल्यांचा एक मंच आहे, तिथे प्रश्न टाकला. सविस्तर लिहिलं. मी कोण, नाटक काय, अंधाराचा प्रवेश कसा, त्याचं महत्त्व काय.

शनिवार, ९

तालमीत लॅपटॉपवर काळं कापड टाकून बसलो. मुंडकं दिसेना, पण मलाही काही दिसेना. अंधाराच्या प्रवेशाच्या शेवटी फोन वाजायला हवा. त्या फोनवरच अंक संपतो. कापडाखाली चाचपडत बटण दाबलं आणि कुत्रं भुंकलं. बाप काळोखात आयुष्याचा हिशेब मांडतोय आणि कुत्रं भुंकतंय.

प्रवेश दुसऱ्यांदा घेतला, तेव्हा फोन वाजेपर्यंत झाकण मिटून ठेवावं म्हटलं. झाकण मिटल्याबरोबर लॅपटॉप झोपला. उघडून पासवर्ड टाकेपर्यंत सगळे ताटकळत उभे.

ताई खुर्चीतून उठली आणि पाणी प्यायला गेली. ती ओरडते तेव्हा परवडते.

जाताना म्हणाली, "हे बघ, तुला नसेल जमत तर सांग. बाकीच्यांचं तर म्हणणंच होतं की बाहेरचा माणूस आणू. मीच म्हटलं, तो विंगेत असला पाहिजे."

म्हणजे सगळ्यांनी मिळून मला काढायचं ठरवलंच होतं, हे आज कळलं. बरं झालं, तिच्याच तोंडून कळलं.

रविवार, १०

मंचावर उत्तर आलं. देणाऱ्याने स्वतःचं नाव ठेवलंय घुबड. लिहितो: "मशीनचं मॉडेल नाही, लिनक्सचं कर्नल कोणतं ते नाही, काय काय करून पाहिलं ते नाही. फक्त रडगाणं आहे. आधी शोधा, मग विचारा."

मी लिहिलं, "रडगाणं गायला मी गायक नाही. नट आहे. जन्म गेला रंगमंचावर."

तो: "हा रंगमंच नाही. मॉडेल लिहा."

मी: "तुमच्या घरी मोठ्यांशी असंच बोलतात का?"

तो: "मॉडेल."

त्यावर मी जे लिहिलं ते इथे उतरवत नाही. बायको मागून वाचत होती, तिने तोंडाला पदर लावला. थोड्या वेळाने मंचवाल्यांनी मला एका दिवसासाठी बाहेर काढलं. घरातून, नाटकातून, आता इंटरनेटवरूनही.

बायको म्हणते, मॉडेल लिहून टाका ना, लॅपटॉपच्या पोटावर चिकटवलेलंच असतं. प्रश्न तत्त्वाचा आहे हे तिला कळत नाही.

मंगळवार, १२

संध्याकाळी भाचा आला. येताना माझ्या आवडीची बिस्किटं घेऊन आला, म्हणजे काहीतरी हवं असणार हे ओळखलं.

"मामा, अंधाराच्या प्रवेशाचं जरा बोलायचं होतं."

"बोल."

"मला तिथे भीती वाटते रे. दिवे असले की समोरचा माणूस दिसतो, टेबल दिसतं, त्यावरून पुढचं आठवतं. तिथे काहीच नाही. तू कसं करायचास?"

मी कसं करायचो! ज्याने माझी जागा घेतली तो माझ्याच घरी, माझ्याच खुर्चीत बसून विचारतो, तू कसं करायचास. मी म्हटलं, "ते सांगून येत नाही."

"निदान एकदा म्हणून दाखव."

म्हणून दाखवलं. अख्खं. दिवे घालवून, खिडकी लावून. "हे काळोखा, तू माझा सख्खा भाऊ! ये, बस, तुझ्या मांडीवर डोकं ठेवू दे या अभाग्याला!" इथपासून जे सुरू झालं ते थांबेना. किती दिवसांनी आवाज मोकळा सुटला. दिवा लावला तेव्हा भाच्याचे डोळे लाल झालेले. तरी बोलून काय गेला, "मस्त रे मामा. पण हे संहितेत नाहीये ना. आई म्हणते, जेवढं लिहिलंय तेवढंच."

"मग आईकडे जा शिकायला."

बिस्किटं तशीच राहिली. मी हात लावला नाही. बायकोने चहाबरोबर दोन खाल्ली आणि मला म्हणाली, "किती हो तोडून बोलता त्याला. तुम्ही लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलेला मुलगा आहे तो."

खांद्यावर घेतलं तेव्हा काय माहीत, तिथून उतरून हा कुठे बसणार ते.

गुरुवार, १४

झालं! झालं! झालं!

काल बायको झोपाळू डोळ्यांनी का होईना, लॅपटॉप उलटा करून मॉडेल नंबर वाचून दाखवत बसली. मी तो मंचावर टाकला, दुसरं काही न लिहिता. सकाळी घुबडाचं उत्तर: "हे पहिल्याच दिवशी लिहिलं असतंत तर आठवडा वाचला असता. तुमच्या मशीनमध्ये उजेडाचे दोन कारभारी आहेत. एक नावापुरता, एक खरा. तुमची बटणं नावापुरत्याशी बोलतात. तो मान डोलावतो, आकडा बदलतो, पण दिवा त्याच्या हातात नाही. मशीन सुरू होताना वाचते त्या फाइलमध्ये खालची ओळ घाला, म्हणजे ती खऱ्याला विचारेल." खाली एक ओळ. शुभेच्छा नाहीत, काही नाही. उद्धट माणूस. पण ओळ अचूक.

फाइल उघडली, ओळ घातली, बदल पक्का केला, मशीन बंद करून चालू केलं. सूर्याचं बटण दाबलं. पट्टी खाली सरकली आणि तिच्याबरोबर उजेडही. हळूहळू, टप्प्याटप्प्याने, पार विझत आलेल्या निखाऱ्याइतका. अक्षरं तरी वाचता येत होती! पुन्हा वर, पुन्हा खाली. कितीतरी वेळ नुसता तोच खेळ करत बसलो. बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. ती खरंच खूश झाली. म्हणाली, "आता लगेच ताईंना फोन करा. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल."

करतो म्हटलं.

शुक्रवार, १५

फोन केला नाही. शांत डोक्याने विचार केला. पहिला प्रयोग परवावर आलाय. अशा वेळी मशीनमध्ये नवी गोष्ट चालू करणं बेजबाबदारपणाचं आहे. बटण आज चाललं, उद्या मधेच अडकलं तर? स्क्रीन पूर्ण काळी झाली आणि परत उजळलीच नाही तर? फोन वाजणार नाही, अंक संपणार नाही. त्यापेक्षा उजेड आहे तसा पूर्ण ठेवायचा आणि बटणांना हात लावायचा नाही. डावीकडच्या चार खुर्च्यांवरून थोडं काही दिसलं तर आभाळ कोसळत नाही.

मिशी थोडी कापली. फार वाढली होती.

रविवार, १७

पहिला प्रयोग झाला. सभागृह भरलं होतं. घरून निघताना बायको म्हणाली, "विंगेत बसायला इस्त्रीचा सदरा कशाला?" मी कॉलर नीट केली.

तिसरा अंक. दिवे गेले. माझ्यासमोर लॅपटॉपचा उजेड, बाकी सगळं काळं. भाच्याने सुरुवात केली. सपाट म्हणतो तो. वाक्य संपलं की संपलं, शेपूट नाही, काही नाही. मला राहवेना. त्याच्या वाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत माझी वाक्यं आपोआप ओठांवर यायला लागली. आवाज काढला नाही हं, नुसते ओठ. मी व्यावसायिक माणूस आहे.

प्रयोग संपल्यावर जिन्यात एक बाई भेटल्या, डावीकडे बसलेल्या. माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "अंधारात दिसत होते ते तुम्हीच ना? आम्हाला वाटलं, तो त्या बापाचा आत्मा आहे. त्याच्या मनातलं काहीतरी बोलतोय. आमच्या रांगेतले सगळे तुमच्याकडेच बघत होते."

घरी येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवत होतो. सगळे तुमच्याकडेच बघत होते.

मंगळवार, १९

ताईच्या घरी बैठक. बैठक कसली, पंचनामा.

"लोक मला विचारतायत, तो विंगेतला माणूस नाटकात आहे की नाही," ताई म्हणाली. "मी काय सांगू?"

"सांग, आहे."

"तू ओठ हलवत होतास."

"मोजत होतो. फोन कधी सोडायचा ते."

"माझा लॅपटॉप घे. त्याचा उजेड कमी होतो."

मी म्हटलं, माझे सगळे आवाज या मशीनवर बसवलेत, प्रत्येकाची पातळी जुळवलीय, ते असं उचलून दुसरीकडे टाकता येत नाही. येतं खरं म्हणजे, पण तिला त्यातलं कळत नाही. मग ती म्हणाली, सुताराकडून टेबलाला तिन्ही बाजूंनी फळ्या मारून घेऊ. मी म्हटलं, मग मला रंगमंच कसा दिसणार? मी काय आंधळ्यासारखं बटण दाबू? पुन्हा कुत्रं भुंकलं तर?

"तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला 'नाही' तयार असतं," ती म्हणाली. "त्या बटणाचं काय झालं?"

"शोधतोय."

भाचा कोपऱ्यात बसून नखं खात होता. मधेच म्हणाला, "आई, असू दे ना तो उजेड. मला चालतो."

त्याला चालतो! मोठा दानशूर. ताईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फाइल मिटली.

बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "ताईंना खोटं का बोललात? चालतंय की बटण."

"जोखीम आहे."

"जोखीम बिखीम काही नाही. तुम्हाला दिसायचंय."

बायकांना कुठलीही तांत्रिक गोष्ट समजावणं म्हणजे डोकेफोड. जेवलो आणि झोपलो.

शनिवार, २३

आजच लिहिलं पाहिजे. उद्या सगळे आपापल्या सोयीने सांगतील.

दुसरा प्रयोग. पहिले दोन अंक व्यवस्थित. माझे आवाज चोख. तिसऱ्या अंकात दिवे गेले. मी माझ्या जागेवर, समोर पूर्ण उजेड. डावीकडच्या खुर्च्यांमध्ये चुळबुळ झाली, माना माझ्याकडे वळल्यासारख्या वाटल्या. त्या दिवशीच्या बाईंनी आणखी कुणाकुणाला सांगितलं असेल.

भाचा म्हणाला, "दिवे गेले ते बरं झालं."

आणि थांबला.

मला वाटलं, शिकला शेवटी थांबायला. मी माझी ओळ ओठांवर घेतली, "हे काळोखा, तू माझा सख्खा भाऊ." भाचा थांबलेलाच. मग लक्षात आलं, हा थांबलेला नाही, अडकलाय. काळोखात त्याची आकृती दिसत नव्हती, पण माझ्या तोंडावरून परतलेल्या उजेडाची तिरीप त्याच्या डोळ्यांत चमकत होती. तो माझ्याकडे बघत होता. सरळ माझ्या तोंडाकडे. ओळ मागत होता.

मी पुन्हा ओठ हलवले, जरा स्पष्ट. तो वाचायचा प्रयत्न करत होता. त्याने तोंड उघडलं आणि मोठ्याने म्हणाला, "हे..." आणि परत थांबला. त्याला कसं कळणार? ती ओळ त्याच्या संहितेत नाहीच. मी आणखी स्पष्ट म्हटलं. तो पुन्हा, "हे... हे..."

डावीकडून कुणीतरी हसलं.

आता सगळी रांग माझ्याकडे बघत होती, हे मला न बघताच कळत होतं. गाल भाजल्यासारखे झाले. आणि गंमत म्हणजे मला मूळची ओळ आठवेना. इतकी वर्षं मी ती म्हटलेलीच नव्हती. पहिलं वाक्य म्हणायचो आणि माझ्या वाटेने सुटायचो. समोर भाचा उभा, घामाने पावडर विरघळत असणार त्याची, आणि डोळे माझ्यावरच. अगदी लहानपणी पोहायला शिकताना पाण्यातून बघायचा तसे. मी काठावर आणि तो पाण्यात.

सूर्याचं बटण दाबलं. एकदा, दोनदा, मग बोट ठेवूनच दिलं. उजेड खाली, खाली, पार खाली. माझे हात दिसेनासे झाले, टेबल दिसेनासं झालं. सभागृहात पहिल्यांदाच खराखुरा काळोख झाला. हसणारा गप्प झाला. कुणी कुठे आहे हे कुणालाच कळत नव्हतं. आणि त्या काळोखात ती ओळ आली. नाटककाराची. साधी, फुटकळ ओळ, म्हणूनच मी टाकून दिलेली. मी ती हलकेच म्हटली, त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

"आता तू आहेस की गेलास, ते मला बघावं लागणार नाही."

मग त्याचा आवाज आला. "आता तू आहेस की गेलास," तो म्हणाला, "ते मला बघावं लागणार नाही." आणि मग पुढचं, त्याच्या पुढचं, सरळ, शेपूट न लावता. एकही खोकला नाही. मी अंधुक स्क्रीनवर फोन शोधला आणि वेळेवर सोडला. पडदा पडला.

टाळ्या खूप वेळ चालल्या.

मी त्याला वाचवलं. हे कुणी म्हणणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

रविवार, २४

काल पडदा पडल्यावर ताई दुसऱ्या विंगेतून आली. भाच्याला जवळ घेतलं नाही, आधी माझ्या टेबलाशी आली. लॅपटॉप तसाच अंधुक होता. तिने वाकून पाहिलं. सूर्याचं बटण स्वतः दाबलं. उजेड वर आला. पुन्हा दाबलं. खाली गेला.

"कधीपासून चालतंय हे?"

मी पुष्कळ उत्तरं देऊ शकलो असतो. "पहिल्या प्रयोगाच्या आधीपासून," म्हणालो.

मला वाटलं, ओरडेल. अंगावर येईल. मीही तयारीत होतो. तिने खुर्ची ओढली आणि बसली. बाहेर लोक अजून बोलत होते.

"बाबांनी जाताना मला सांगितलं होतं, याला सांभाळ," ती म्हणाली. "मी तुला भूमिकेतून काढलं तेव्हा महिनाभर मला नीट झोप नव्हती. विंगेत तरी राहा म्हटलं. तिथेही तू हेच केलंस. आणि कुणाशी, तर माझ्या पोराशी."

"ऐनवेळी ओळ मीच दिली," मी म्हटलं.

"हो. ऐकली मी. सामान ठेव आणि घरी जा. पुढच्या प्रयोगाला येऊ नकोस."

एवढंच. संस्थेतला तीस वर्षांचा संसार आणि निरोप एवढाच. लॅपटॉप मी ठेवला नाही, पिशवीत घालून घरी आणला. माझ्या कष्टाने उभा केलेला आहे तो. हवा असेल तर या म्हणावं मागायला.

बुधवार, २७

आला. ताई नाही, भाचा. यावेळी काही घेऊन आला नव्हता.

"मामा, लॅपटॉप हवाय. शनिवारी प्रयोग आहे."

"कोण बसणार?"

"रंगभूषावाल्या काकांची मुलगी. कॉलेजात आहे. तिला लिनक्स येतं."

"येतं म्हणे! या बटणांचं माहीत आहे का तिला?"

"नाही. म्हणून तर आलो. तू दाखव."

दाखवलं. काय करणार, नाहीतर शनिवारी पुन्हा तमाशा. टेबलावर उघडून बसलो. हे दाबलं की कमी, हे दाबलं की जास्त. फाइलमधली ओळ दाखवली, उद्या सिस्टीम नव्याने चढवली तर हीच ओळ पुन्हा घालायची हे सांगितलं. आवाजांचा क्रम सांगितला. कुत्र्याचं बटण फोनपासून लांब नेलंय हेही सांगितलं. तो सगळं मोबाइलमध्ये टिपून घेत होता. बायको दारात उभी राहून बघत होती, तिने चहा विचारला, तो नको म्हणाला. आमच्याकडे चहाला नको म्हणणारा मुलगा नव्हे तो.

लॅपटॉप पिशवीत भरला. दारापाशी जाऊन चप्पल घालता घालता थांबला.

"मामा, एक विचारू? चिडू नकोस."

"विचार."

"बटण चालत होतं तरी तू उजेड ठेवलास. आई म्हणते, तुला मिरवायचं होतं. मी तिच्याशी भांडलो त्यावरून. पहिल्या प्रयोगाला मी इतका घाबरलो होतो, आणि दिवे गेले तर समोर तू. एवढ्या काळोखात एकच ओळखीचा चेहरा. मला वाटलं, मी त्या दिवशी घरी येऊन भीती वाटते म्हणालो, म्हणून तू माझ्यासाठीच तो उजेड ठेवलायस." तो चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिला. "तसंच होतं ना रे?"

काय बोलायचं अशा प्रश्नाला? तीस वर्षांचा घोडा, आणि लहान पोरासारखे प्रश्न. मी म्हटलं, "त्या मुलीला सांग, तिसरा अंक सुरू व्हायच्या आधीच उजेड खाली आणून ठेव म्हणावं. ऐनवेळी बोट चुकतं."

"सांगतो."

"आणि घाई करू नकोस त्या ओळीला. लोक कुठे पळून जात नाहीत."

"बरं," म्हणाला. थोडा वेळ उभा राहिला, आणखी काही येतंय का ते बघत. मग जिना उतरून गेला. पिशवी छातीशी धरून चालला होता, लॅपटॉप आपटू नये म्हणून.

बायकोने दार लावलं. पान वाढलं तर मला जेवण जाईना. ती समोर बसून बघत राहिली, मग म्हणाली, "काय झालं हो?"

काही नाही म्हटलं. डोळे चुरचुरतायत. इतके दिवस त्या भगभगीत उजेडात बसून, दुसरं काय होणार.